पॅक-१२चे बारा कसे वाजले

जुलै २०२२मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावला आणि अकरावा आला. त्याच स्पर्धेत नीरज चोप्राने ८८.१३ मीटरवर भाला फेकून रौप्यपदक मिळवलं. ही स्पर्धा अमेरिकेत प्रथमच होत होती, आणि ती न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या महानगरात न होता ऑरेगन राज्यातल्या युजीन नावाच्या मध्यम गावात झाली. तिथलं हेवर्ड फील्ड हे मैदान सरकारचं नाही, महापालिकेचं नाही, ऑरेगन विद्यापीठाचं आहे. जगातले सर्वोत्तम धावपटू एका कॉलेजच्या आवारात धावत होते आणि अमेरिकेत यात कुणालाही काही विशेष वाटत नव्हतं.

स्पर्धा सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी, ३० जूनला, दुसरी एक बातमी फुटली होती आणि तिथल्या क्रीडाविश्वाचं सगळं लक्ष तिकडे लागलं होतं. लॉस एंजेलिसमधली दोन मोठी विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, आपली जुनी कॉन्फरन्स सोडून चालली होती. त्या कॉन्फरन्सचं नाव पॅक-१२. पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या आणि त्याच्या आसपासच्या बारा विद्यापीठांची ती संघटना. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धांत पाचशेहून अधिक सांघिक विजेतेपदं तिच्या सभासदांच्या नावावर होती. दुसऱ्या कुठल्याही कॉन्फरन्सला हा आकडा गाठता आलेला नव्हता. आणि दोन वर्षांत तिच्यात दोनच सभासद उरले.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ घेतो. मुंबई, पुणे, शिवाजी ही विद्यापीठं पश्चिम विभागात येतात ती नकाशामुळे. त्यांना कुणी विचारत नाही. अमेरिकेतली कॉन्फरन्स स्वेच्छेने जमलेली असते. काही विद्यापीठं एकत्र येऊन ठरवतात की आपण सगळे खेळ दरवर्षी एकमेकांशी खेळू, नियम एक ठेवू, पंच एकत्र नेमू आणि दूरचित्रवाणीचे पैसे वाटून घेऊ. देशपातळीवर एनसीएए ही संस्था राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धा घेते, पण वर्षभराचं रोजचं खेळणं कॉन्फरन्समध्येच होतं. जो स्वेच्छेने येतो तो स्वेच्छेने जाऊही शकतो, हे त्यात पहिल्यापासूनच होतं. शंभर वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही इतकंच.

या घराचा पाया २ डिसेंबर १९१५ रोजी पोर्टलंडच्या एका हॉटेलात घातला गेला. कॅलिफोर्निया (बर्कली), वॉशिंग्टन, ऑरेगन आणि आजचं ऑरेगन स्टेट ही चार विद्यापीठं तिथे जमली आणि पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स जन्माला आली. तेव्हा खेळाडू आगगाडीने जायचे, त्यामुळे शेजारी कोण हे रुळांवरून ठरायचं. वॉशिंग्टन स्टेट, स्टॅनफर्ड, यूएससी, यूसीएलए ही मंडळी पुढच्या तेरा वर्षांत आली.

पहिल्या पिढीतली सर्वांत मोठी कामगिरी फुटबॉलमधली नाही, नौकानयनातली आहे. (इथून पुढे फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावायचा अमेरिकन फुटबॉल.) १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकला अमेरिकेने आठ वल्ह्यांच्या शर्यतीसाठी राष्ट्रीय निवड संघ पाठवला नाही, चाचणी शर्यत जिंकणारी वॉशिंग्टन विद्यापीठाची नाव जशीच्या तशी पाठवली. मुलं शेतकऱ्यांची, लाकूडतोड्यांची, मंदीच्या काळात कशीबशी फी भरणारी. चाचणी जिंकल्यावर त्यांना सांगण्यात आलं की ऑलिंपिक समितीकडे पैसे नाहीत, पाच हजार डॉलर तुमचे तुम्ही उभे करा. सिअ‍ॅटलच्या लोकांनी काही दिवसांत वर्गणी काढून ते उभे केले. अंतिम शर्यतीत नावेला लय देणारा डॉन ह्यूम तापाने फणफणलेला होता, अमेरिकेला वाऱ्याच्या तोंडावरची बाहेरची रांग मिळालेली होती आणि काठावर हिटलर बसलेला होता. अमेरिका ६ मिनिटं २५.४ सेकंद, इटली ६:२६.०, जर्मनी ६:२६.४. दोन किलोमीटरनंतर तीन नावांमध्ये मिळून एक सेकंदाचंच अंतर.

याच काळात यूसीएलएमध्ये जॅकी रॉबिन्सन शिकत होता. फुटबॉल, बास्केटबॉल, अ‍ॅथलेटिक्स आणि बेसबॉल अशा चारही खेळांत विद्यापीठाच्या मुख्य संघाचा मान मिळवणारा तो तिथला पहिला खेळाडू. १९४०मध्ये लांब उडीचं राष्ट्रीय विद्यापीठ विजेतेपदही त्याचंच. पुढे १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरून त्याने व्यावसायिक बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडली, ते सगळ्यांना माहीत असतं. १९३९च्या यूसीएलएच्या फुटबॉल संघात त्याच्याबरोबर केनी वॉशिंग्टन आणि वूडी स्ट्रोड होते, आणि १९४६ साली त्या दोघांनी व्यावसायिक फुटबॉलमधली तशीच भिंत पाडली, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांत त्या काळी कृष्णवर्णीय मुलाला संघातच काय, वर्गातही प्रवेश नव्हता. १९७० साली यूएससीचा संघ अलाबामात जाऊन खेळला. अलाबामाच्या संघात त्या दिवशी मैदानावर सगळे गोरे होते. यूएससीच्या सॅम कनिंगहॅमने १३५ यार्ड धाव घेतली आणि सामना यूएससीने ४२-२१ असा जिंकला. त्या एका सामन्याने दक्षिण बदलली असं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे, अलाबामाने त्याआधीच एका कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश दिलेला होता. पण बदल लवकर करायला हवा, हे प्रेक्षकांतल्या बऱ्याच जणांना त्या संध्याकाळी कळलं असणार.

पश्चिम किनारा म्हणजे पुण्यवंतांची वस्ती होती असं मात्र नव्हे. १९५६ साली वॉशिंग्टन विद्यापीठाने जॉन चेरबर्ग या फुटबॉल प्रशिक्षकाला काढून टाकलं. त्याने जाता जाता तोंड उघडलं: शहरातले धनिक समर्थक एका गुप्त निधीतून खेळाडूंना पैसे चारतात. चौकशी लागली तसे यूसीएलए, यूएससी आणि बर्कलीचेही असेच डबे उघडे पडले. छोट्या गावांतली विद्यापीठं कडक शिक्षा मागत होती, मोठ्या शहरांतली चिडलेली होती. भांडण इतकं विकोपाला गेलं की १९५९मध्ये कॉन्फरन्सच विसर्जित करावी लागली. चेरबर्गचं काय झालं? काढून टाकलं त्याच वर्षी, १९५६मध्ये, तो निवडणुकीला उभा राहिला आणि पुढची बत्तीस वर्षं वॉशिंग्टन राज्याचा उपराज्यपाल होता.

राखेतून पाच विद्यापीठांनी नवी संघटना उभारली आणि तिचा आयुक्त म्हणून नौदलातला निवृत्त अ‍ॅडमिरल टॉम हॅमिल्टन आला. त्याच्या डोक्यात एक भव्य कल्पना होती. आता जेट विमानं आहेत, मग शेजार कशाला हवा? पॅसिफिकपासून अटलांटिकपर्यंतची निवडक विद्यापीठं आणि लष्कराच्या प्रशिक्षण संस्था एकत्र आणून देशव्यापी कॉन्फरन्स करावी. लोकांनी तिला विमान कॉन्फरन्स म्हणून हिणवलं, संरक्षण खात्याने नकार दिला आणि बेत बारगळला. मग जुने शेजारी एकेक करून परत आले. १९६८मध्ये पॅक-८, अ‍ॅरिझोनातली दोन विद्यापीठं आल्यावर १९७८मध्ये पॅक-१०, आणि कोलोरॅडो व युटा आल्यावर २०११मध्ये पॅक-१२.

मधली पन्नास वर्षं हा या कॉन्फरन्सचा सुवर्णकाळ. त्यातलं पहिलं नाव यूसीएलएचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वूडन. १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली सात लागोपाठ. एका टप्प्यात सलग ८८ सामने जिंकले. नोत्रे दामने जानेवारी १९७४मध्ये शेवटचे बारा गुण लागोपाठ मिळवून ती मालिका ७१-७० अशी तोडली. वूडनच्या संघात करीम अब्दुल जब्बार (तेव्हाचा लू अल्सिंडर) आणि बिल वॉल्टन यांच्यासारखे धिप्पाड नामवंत होते, तरी हंगामाचा पहिला तास सुरू व्हायचा तो पायमोज्यांपासून. मोजा टाचेपासून बोटांपर्यंत हाताने फिरवून सारखा करायचा, कुठे चुणी राहता कामा नये. मग बूट ताणून, नाडी प्रत्येक भोकापाशी घट्ट ओढून बांधायची. चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, एवढं साधं कारण. देशभरातून वेचून आणलेली सहा-सात फुटी पोरं बाकावर बसून हे निमूटपणे शिकायची. मला या माणसाच्या दहा विजेतेपदांपेक्षा हे मोज्याचं प्रकरण जास्त पटतं.

उत्तरेला ऑरेगन राज्यात वेगळंच चाललं होतं. हेवर्ड फील्डवरचे धावण्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांना बुटांचं वेड होतं. वजन कमी आणि पकड घट्ट असा तळवा कसा करावा या विचारात असताना एका सकाळी त्यांचं लक्ष घरातल्या वॉफल भाजायच्या साच्याकडे गेलं. पत्नीच्या त्या साच्यात त्यांनी रबरासारखं रसायन ओतलं. साचा कायमचा बाद झाला, पण तळव्याला चौकोनी बोंडं पाडण्याची युक्ती सापडली. आपला जुना विद्यार्थी-धावपटू फिल नाइट याच्याबरोबर बॉवरमन यांनी १९६४मध्ये काढलेली कंपनी पुढे नायकी झाली. तासाभराच्या अंतरावर ऑरेगन स्टेटमध्ये डिक फॉसबरी नावाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी उंच उडी दांडीकडे पाठ करून मारत होता. तोवर उडी मारणारे पोटावर किंवा कुशीवर आडवे होत दांडी ओलांडायचे, कारण पलीकडे भुसा किंवा वाळू असायची आणि पाठीवर पडलं तर मान मोडायची. फोमच्या गाद्या आल्या आणि फॉसबरीची उलटी उडी शक्य झाली. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २.२४ मीटरवर त्याने सुवर्ण घेतलं. आज आपल्या जिल्हा स्पर्धेतली मुलंही, गादी मिळाली तर, फॉसबरीचीच उडी मारतात.

शेजारपणाचा अर्क पाहायचा तर २० नोव्हेंबर १९८२चा बर्कली विरुद्ध स्टॅनफर्ड सामना पाहावा. ही दोन विद्यापीठं सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दोन बाजूंना, साठ-पासष्ट किलोमीटरच्या अंतरात. त्यांचं फुटबॉलचं वैर १८९२पासूनचं. त्या दिवशी चार सेकंद उरले असताना स्टॅनफर्ड २०-१९ पुढे होतं. शेवटची किक मारली गेली. बर्कलीच्या खेळाडूने ती घेतली आणि पकडला जाणार तेवढ्यात मागच्याकडे फेकली. त्याने पुढच्याकडे, पुढच्याने आणखी कुणाकडे, असे पाच वेळा चेंडूचे हात बदलले. मध्येच एक जण पडलासा वाटला, सामना संपला असं समजून स्टॅनफर्डचं बँडपथक वाद्यांसह मैदानात घुसलं. केविन मोएन चेंडू घेऊन त्या बँडच्या गर्दीतूनच वाट काढत शेवटच्या रेषेपलीकडे गेला आणि समोरच्या ट्रोम्बोनवाल्यावर आदळला. पंचांनी एकत्र येऊन चर्चा केली आणि गुण दिले. बर्कली २५, स्टॅनफर्ड २०. चेंडू पकडला गेला होता की नाही यावर दोन्हीकडचे लोक आजही तावातावाने भांडतात.

१९७२च्या टायटल नाइन या कायद्याने, सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींना खेळातही समान संधी देणं बंधनकारक झालं. त्याचा फायदा सर्वांत आधी आणि सर्वांत मनापासून कुणी उठवला असेल तर स्टॅनफर्ड आणि यूसीएलएने. स्टॅनफर्डच्या महिला बास्केटबॉल प्रशिक्षक तारा वॅनडर्व्हीर २०२४मध्ये निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या नावावर १,२१६ विजय होते, पुरुष-महिला कुठल्याही कॉलेज प्रशिक्षकापेक्षा त्या वेळी जास्त. सर्व खेळांतल्या कामगिरीची बेरीज करून दिला जाणारा डायरेक्टर्स कप स्टॅनफर्डने २०१९पर्यंत सलग पंचवीस वर्षं जिंकला. पोहणं, वॉटरपोलो, व्हॉलीबॉल, टेनिस, जिम्नॅस्टिक्स, नौकानयन: या किनाऱ्याची खरी दौलत या खेळांत होती. आर्थर अ‍ॅश, जॉन मॅकेन्रो, जॅकी जॉयनर-कर्सी, केटी लेडेकी ही सगळी इथलीच मुलं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टॅनफर्डच्या आजी-माजी खेळाडूंनी ३९ पदकं मिळवली. भारताची त्या वेळची पदकं सहा.

पण या खेळांना तिकीट काढून येणारे प्रेक्षक मोजके. त्यांचा खर्च निघायचा फुटबॉलच्या आणि काही प्रमाणात पुरुष बास्केटबॉलच्या कमाईतून. एकत्र कुटुंबात एक भाऊ कमावता असावा आणि बाकीच्यांनी गाणं-चित्रकला-व्यायामशाळा सांभाळून घराण्याचं नाव मोठं करावं, तसा हा व्यवहार होता. जोवर कमावत्या भावाला बाहेर जास्त पगार मिळत नव्हता तोवर सगळं सुखाने चाललं.

बाहेरचा पगार वाढायला एक निकाल कारणीभूत झाला. १९८४पर्यंत कॉलेज फुटबॉलचे कोणते आणि किती सामने दाखवायचे हे एनसीएए ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. त्या दिवसापासून कॉन्फरन्स ही शेजाऱ्यांची संघटना राहिली नाही, दूरचित्रवाणीला माल विकणारी पेढी झाली.

पॅक-१२ने ही पेढी चालवण्यात गफलती केल्या. २००९मध्ये आयुक्त म्हणून आलेले लॅरी स्कॉट महिला टेनिस संघटनेतून आले होते. २०११मध्ये त्यांनी ईएसपीएन आणि फॉक्सशी बारा वर्षांचा, सुमारे तीन अब्ज डॉलरचा करार केला तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि तेव्हाच्या मानाने तो उत्तमच होता. पण पाठोपाठ त्यांनी संपूर्ण मालकीची स्वतंत्र वाहिनी काढली. डायरेक्टीव्ही या बड्या उपग्रह सेवेशी तिचं कधी जमलंच नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या लाखो घरांत ती दिसलीच नाही. त्यात घड्याळाची अडचण. किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना न्यूयॉर्कमध्ये रात्री साडेदहाला सुरू होतो, मध्यरात्र उलटून गेल्यावर संपतो. ज्या पूर्वेकडे प्रेक्षक जास्त ती पूर्व झोपलेली. कमाई कमी होत होती हे करोनाच्या काळात उघड झालं: जुलै २०२०मध्ये स्टॅनफर्डने छत्तीसपैकी अकरा खेळ बंद करण्याची घोषणा केली. माजी विद्यार्थ्यांनी रान उठवल्यावर दहा महिन्यांनी ती मागे घेतली.

यूएससी आणि यूसीएलएने जाण्याची घोषणा केल्यावर दीड महिन्यात त्यांच्या नव्या घराने, मध्य-पश्चिमेतल्या बिग टेनने, सात वर्षांचा सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. पॅक-१२ला मात्र वर्षभर हिंडून अ‍ॅपलच्या वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून असलेला एक देकार तेवढा मिळाला. जुलै २०२३मध्ये कोलोरॅडोने निरोप घेतला. ४ ऑगस्टला उरलेले नऊ सह्या करायला जमणार होते. त्याऐवजी त्याच दिवशी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले, आणि अ‍ॅरिझोनातली दोन व युटा बिग-१२ या आणखी एका कॉन्फरन्समध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीने अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये प्रवेश मिळवला, तोही दूरचित्रवाणीच्या कमाईत पहिली सात वर्षं साधारण तीस टक्के वाटा मान्य करून. आता बर्कलीच्या मुलींचा व्हॉलीबॉल संघ बोस्टनला जातो. अंतर चार हजार किलोमीटरहून जास्त, काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षाही लांब. हॅमिल्टनची विमान कॉन्फरन्स साठ वर्षांनी अवतरली, फक्त लष्करी संस्था सोडून.

गंमत अशी की मरणपंथाला लागलेल्या या कॉन्फरन्सचा शेवटचा फुटबॉल हंगाम तिच्या सर्वोत्तम हंगामांपैकी एक ठरला. वॉशिंग्टनने ऑरेगनला ३४-३१ हरवून विजेतेपद घेतलं आणि एकही सामना न गमावता राष्ट्रीय अंतिम फेरी गाठली. तिथे मिशिगनने त्यांना हरवलं. स्थलांतर कागदोपत्री अंमलात आलं ते २ ऑगस्ट २०२४ला, पॅरिस ऑलिंपिक ऐन भरात असताना. म्हणजे स्टॅनफर्डच्या पोहणाऱ्यांनी स्पर्धा सुरू केली ती एका कॉन्फरन्सचे म्हणून आणि संपवली दुसरीचे म्हणून.

मागे राहिले ते ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान गावांत, कृषिविद्यापीठाच्या परंपरेतली, दूरचित्रवाणीला नको असलेली. ऑरेगन स्टेटच्या अध्यक्ष जयती मूर्ती या आयआयटी कानपूरच्या यांत्रिकी अभियंता. ऑरेगन स्टेटला येण्यापूर्वी त्या यूसीएलएमध्येच अभियांत्रिकी शाखेच्या अधिष्ठाता होत्या. जाणाऱ्या दहांनी जाता जाता कॉन्फरन्सच्या तिजोरीवरही मतदान करू पाहिलं तेव्हा या दोघांनी गव्हाच्या शेतांमधल्या व्हिटमन काउंटीच्या न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने घर सोडून निघालेल्यांना घरचा कारभार करता येणार नाही असं ठरवलं, वरच्या न्यायालयाने ते बदललं नाही, आणि समझोत्यात जाणाऱ्यांच्या वाट्यातून साडेसहा कोटी डॉलर मागे ठेवले गेले. तिकडे बर्कली आणि यूसीएलए एकाच राज्य विद्यापीठाच्या शाखा असल्याने, यूसीएलएने आपल्या जाण्याने झालेल्या नुकसानीपोटी बर्कलीला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत, असा आदेश विश्वस्तांनी काढला.

त्या तिजोरीच्या आणि नावाच्या बळावर दोघांनी नवे सभासद मिळवले. बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन दिएगो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट आणि गोंझागा यांनी २०२६च्या हंगामासाठी होकार दिला. यातलं गोंझागा वॉशिंग्टन स्टेटपासून मोटारीने दीड तासावर. बास्केटबॉलमध्ये देशातल्या अव्वल संघांपैकी एक, आणि दुसऱ्या महायुद्धापासून तिथे फुटबॉलचा संघच नाही.